काझाची गाडी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय, 'निवृत्तीनंतर मी काय केलं'. माझ्या आधी बोललेल्यांनी अमेरिकेतली नातवंडं, सोसायटीचं अध्यक्षपद असं बरंच काही सांगितलं. मी आयुष्यभर एसटीत कंडक्टर. इथल्या निम्म्या लोकांकडे मी कधी ना कधी सुट्टे पैसे मागितले असतील. निवृत्त झालो आणि दुसऱ्या राज्याच्या एसटीत प्रवासी म्हणून जाऊन बसलो, एवढंच मी केलं.

मागच्या जूनमध्ये लेकीची पाठीवरची सॅक घेऊन एकटाच निघालो. कुठे, तर हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यातल्या काझा नावाच्या गावी. त्याला कारण आपले भूगोलाचे सर. सर, तुम्ही नववीत फळ्यावर सह्याद्री काढला होता. डावीकडे महाबळेश्वर, तिथे पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. उजवीकडे आपला माण तालुका, तिथे पाचशेच्या आसपास. "डोंगरानं ढग अडवले की पलीकडे काय उरतं?" असं तुम्ही विचारलंत आणि मी उभा राहून "दहिवडी" म्हणालो. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, हिमालयाच्या पलीकडेही असंच एक दहिवडी आहे, त्याचं नाव स्पिती. ते नाव बेचाळीस वर्षं डोक्यात राहिलं.

रेल्वेनं चंदीगड, तिथून बसनं सिमला, सिमल्याहून रेकाँग पिओ आणि पिओहून काझा. मुक्काम करत गेलो, कारण उंचीची सवय व्हावी लागते. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. आपलं कळसूबाई एकावर एक दोनदा ठेवलं तरी त्याच्या खालीच राहील.

पिओहून सकाळी सुटलेली गाडी संध्याकाळी काझाला लागते. आपल्यासारखी घंटीची दोरी नाही, तिथला कंडक्टर शिट्टी मारतो. एक शिट्टी, दोन शिट्ट्या, आणि ड्रायव्हरला सगळं कळतं. मी त्याला सांगितलं, मीही तुझ्याच धंद्यातला. त्यानं मला दाराजवळची पहिली सीट दिली, तिकीट मात्र पूर्ण घेतलं. बरोबरच केलं. खाबला सतलज आणि स्पिती या नद्या भेटतात, तिथून गाडी वळणावळणानं नाकोला चढते. पुढे मलिंगला दरड कोसळण्याची नेहमीची जागा आहे. तिथे तो पठ्ठ्या खाली उतरला, मागच्या चाकाकडे बघत चालत राहिला आणि शिट्टी वाजवत गाडी एकेक फूट पुढे घेतली. खिडकीतून रस्ता दिसत नव्हता, थेट नदीच दिसत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा डोळे मिटून बसलो. शेजारच्या बाईंच्या मांडीवर कोबीच्या रोपांचा ट्रे होता आणि त्या निवांत घोरत होत्या.

वाटेत ताबो लागतं. तिथला मातीचा गोंपा इसवी सन 996 चा आहे, म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्या जन्माच्याही पावणेतीनशे वर्षं आधीचा. आत अंधारात मातीच्या मूर्ती भिंतींवर बसवलेल्या आहेत. परतीच्या वाटेवर उतरून तो पाहिला.

काझात पोहोचलो त्या रात्री डोकं ठणकत होतं, दोन पायऱ्या चढलं की धाप लागायची. दोन दिवस नुसता गच्चीवर बसून राहिलो. इतकी शांतता की खालच्या नदीचा आवाज रात्रीही येत होता. सगळीकडे उघडे, मातकट डोंगर, आणि मधेच हातरुमालाएवढी हिरवी शेतं. पाऊस नाही, मग हे हिरवं कशावर? ज्यांच्या घरी राहिलो होतो ते आजोबा तिसऱ्या दिवशी मला शेतावर घेऊन गेले.

वर बर्फ वितळतं, तिथून डोंगराच्या कडेकडेनं चर खणून पाणी गावापर्यंत आणतात. त्या चराला कूल म्हणतात. काही गावांत ते रात्री तळ्यात साठवतात आणि सकाळी सोडतात. मग पाळीपाळीनं शेतं भिजतात. जव आणि मटार. मटार ऑगस्टमध्ये निघतो आणि खाली मैदानात विकायला जातो, कारण त्या दिवसांत तिकडे मटार नसतो. हे सगळं रामराज्य आहे असं समजू नका. जुन्या मोठ्या घरांचा पाण्यावर पहिला हक्क, बाकीच्यांनी नंतर. जुन्या रिवाजानं जमीन थोरल्याकडे जायची आणि धाकटे बरेचदा लामा व्हायचे. म्हणजे वाटण्याच नाहीत. ते धाकट्याला कसं वाटत असेल, हे मी धाकटा असल्यानं मला विचारू नका.

आजोबा हातानं गवताचं ढेकूळ उचलून एका दारं बंद करत होते, दुसरं उघडत होते. मी विचारलं, रात्री कुणी गुपचूप पाणी फिरवत नाही का? ते म्हणाले, "फिरवतात ना! सकाळी भांडण होतं. पण वसंतात कूल साफ करायची असते, ती एकट्यानं होत नाही. मग बोलावंच लागतं."

मी तिथेच बांधावर बसलो. आता जे सांगतो ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, पण माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.

माझा चुलतभाऊ तिसऱ्या रांगेत बसलाय. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. 72 च्या दुष्काळात आमच्या दोघांच्या आया एकाच कामावर खडी फोडायला होत्या आणि सुकडी एकाच पातेल्यात यायची. आमची विहीर सामाईक, चार दिवस त्यांची पाळी, चार दिवस आमची. 2012 च्या दुष्काळात माझ्या पाळीला मोटर त्याची चालू होती, यावरून जुंपली. मी रागानं बांधावर बोअर मारलं. पाणी लागलं. विहीर तेवढ्यात आटली. त्याचं म्हणणं, तुझ्या बोअरनं विहीर प्यायली. मी तेव्हा शपथेवर नाही म्हणालो होतो. आज इथे उभा राहून सांगतो, मला तेव्हाही माहीत होतं. पण बोअर एकट्याचं असतं. त्याला गाळ काढायला दुसरा माणूस लागत नाही. त्यामुळे तेरा वर्षं आम्हाला बोलावंच लागलं नाही. माझं बोअरही 2019 ला कोरडं पडलं, ते वेगळं.

काझाहून वर जीपनं हिक्किमला गेलो. सुमारे 4,400 मीटरवर तिथे पोस्ट ऑफिस आहे, 1983 साली सुरू झालेलं, म्हणजे आपण दहावी झालो त्याच वर्षी. हौसे-नवसे तिथून घरी पोस्टकार्ड टाकतात. मीही एक घेतलं. पत्ता चुलतभावाचा लिहिला आणि मजकूर दोन ओळींचा. 'विहिरीचा गाळ काढू. मी येतो, दिवस तू सांग.' तिकीट चिकटवताना हात थरथरत होता. थंडीनं म्हणा हवं तर.

पण पोस्टकार्ड उघडं असतं हे मी विसरलो. मी गावात परतल्यावर ते पोहोचलं, आणि त्याच्या हातात पडायच्या आधी पारावर वाचून झालं होतं. बेंदराच्या दिवशी बैलांची मिरवणूक आमच्या दारावरून गेली, तेव्हा हा तिच्यातून बाजूला झाला आणि कार्ड माझ्यापुढे धरून म्हणाला, "शिक्का नेमका अक्षरावर पडलाय. काय लिहिलंयस ते वाचून दाखव." सगळ्या गावाला पाठ होतं ते. मी वाचून दाखवलं.

या एप्रिलमध्ये आम्ही विहिरीत उतरलो. म्हणजे पोरं उतरली, आम्ही काठावर बसून सूचना दिल्या. अकरा फूट गाळ निघाला, त्यात माझी शाळेतली पितळी डबी सापडली. ती याच्याकडे आहे, परत देत नाही. पाणी अजून लागलेलं नाही. अजून तीन-चार फूट जायचंय, पण दोघांच्या मते दिशा वेगळी आहे, त्यावरून काल संध्याकाळीच पुन्हा वाजलंय. उद्या सकाळी सातला पुन्हा विहिरीवर जायचंय. तेव्हा मी आता माझी जागा पुढच्या वक्त्याला देतो.