लस, रोटर आणि देखभालीचे अर्थशास्त्र

(सिव्हिल लाइन्स, जबलपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



जबलपूरमध्ये पशुवैद्यकीय शिक्षणाची परंपरा १९४८ पासूनची आहे आणि २००९ मध्ये स्थापन झालेले नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठ याच सिव्हिल लाइन्स भागात आहे. म्हणून आज लाळ्या-खुरकूत रोगाचेच उदाहरण घेतो.

या रोगाच्या व ब्रुसेलोसिसच्या निर्मूलनासाठी २०१९ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. मात्र या लसीची गुणवत्ता विषाणूचे अखंड कण तीत किती आहेत, यावर अवलंबून असते. कण भंगले की त्यांची प्रतिकारशक्ती निर्माण करण्याची क्षमता बहुतांशी नष्ट होते.

हे मोजण्यासाठी नमुना साखरेच्या तळाकडे वाढत जाणाऱ्या घनतेच्या द्रावणावर ठेवून अतिवेगवान अपकेंद्रित्रात फिरवतात. अखंड कण १४६ आणि त्याचे तुकडे १२ स्वेडबर्ग एककांच्या गतीने खाली जातात व वेगळे होतात. हे एकक १९२६ चे नोबेल पारितोषिक विजेते स्वीडिश शास्त्रज्ञ स्वेडबर्ग यांच्या नावाचे आहे.

नमुन्याच्या नळ्या धरून फिरणारा भाग म्हणजे रोटर. मिनिटाला ५०,००० फेऱ्या घेताना अक्षापासून १० सेंटिमीटरवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २ लाख ८० हजार पट बल निर्माण होते. वेग दुप्पट केला की बल चौपट होते. प्रत्येक वापरात धातू ताणला जातो. सांडलेल्या क्षारांमुळे अॅल्युमिनियम गंजतो. टायटॅनियम गंजाला दाद देत नाही, पण ताण त्यालाही चुकत नाही. १६ डिसेंबर १९९८ रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दुधाचे नमुने फिरत असताना अॅल्युमिनियमचा रोटर फुटला आणि यंत्र निकामी झाले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने रोटर ही प्रत्येक फेरीगणिक खर्च होणारी भांडवली वस्तू आहे. आपल्याकडे यंत्रखरेदीला अनुदान मिळते. देखभालीची तरतूद मात्र अपुरी पडते. त्यावर तीन उपाय सुचवतो. प्रत्येक वापराची तारीख, वेग व कालावधी नोंदवहीत लिहावा. वापरशुल्कात रोटरची झीज धरून बदली निधी उभारावा. आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम पोर्टलसारख्या व्यवस्थेतून यंत्र शेजारच्या संस्थांनाही उपलब्ध करावे.

गोठ्यात टोचलेल्या लसीवर पशुपालकाचा विश्वास टिकायचा असेल, तर तिची मोजणी करणारा रोटरही विश्वासार्ह असला पाहिजे. त्याच्या देखभालीचा खर्च हा लसीकरणाच्याच खर्चाचा भाग मानावा, एवढेच माझे सांगणे आहे.