बंदी हवी, पण चौकशीही हवी



“अमक्या संघटनेवर बंदी घाला” असं आपण मोर्चात सहज ओरडतो. हिंसा पेटवणाऱ्याला मोकळं सोडू नये, हे आम्हालाही मान्य आहे. घटनेचे कलम १९ संघटना करण्याचा हक्क देते, तशी वाजवी बंधनेही सांगते. पण वाजवी काय, हे ठरवणार कोण?

१९५० साली मद्रास सरकारने ‘पीपल्स एज्युकेशन सोसायटी’ बेकायदा ठरवली. नाव बाबासाहेबांच्या संस्थेचेच, संस्था मात्र वेगळी. कम्युनिस्टांना मदत करते, हा आरोप. सरचिटणीस व्ही. जी. रो कोर्टात गेले. ३१ मार्च १९५२ रोजी सुप्रीम कोर्टाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. कारण सरकारचा आरोप न्यायालयात तपासण्याची सोयच त्यात नव्हती.

पुढे १९६७ च्या यूएपीए कायद्यात हायकोर्टाच्या न्यायमूर्तीपुढे तपासणी आली. पण २००४ पासून ‘दहशतवादी’ यादीत नाव घातले, तर ती तपासणी नाही. आधी सरकारकडेच अर्ज करायचा!

बंधूंनो, गिरणीत कामगाराला काढायचं तरी आधी चार्जशीट, मग चौकशी लागायची. विरोधकासाठी आज मोडलेला नियम उद्या आपल्या मंडळाला वाचवणार नाही, हे ध्यानात ठेवू या.

जयभीम!