पिशवीचं तोंड

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरातील भाषण)



आरोग्याच्या सत्राची सुरुवात मी एका चावट कादंबरीपासून करणार आहे. हसा, हसण्यासाठीच सांगते आहे.

इंग्लंडमधल्या जेमी मॉर्टन या तरुणाला कळलं, की आपल्या वडिलांनी शृंगारिक कादंबरी लिहिली आहे. नायिका बेलिंडा, भांडी विकणाऱ्या कंपनीत नोकरीला. मुलाने ती लपवली नाही. ॲलिस लेव्हिन आणि जेम्स कूपर या दोघा मित्रमैत्रिणींना समोर बसवून एकेक प्रकरण मोठ्याने वाचलं. ते दोघं मध्येच थांबवणार, शंका काढणार. 2015 साली याचा पॉडकास्ट सुरू झाला, म्हणजे मोबाइलवर हवा तेव्हा ऐकता येणारा कार्यक्रम. 2022 पर्यंत तो जगभर ऐकला गेला.

त्यातली सर्वांत गाजलेली चूक अशी, की कादंबरीत बेलिंडाचं गर्भाशयाचं तोंड चक्क हाताने पकडलं जातं. जणू दाराची कडी!

मला या बापाचा फारसा राग येत नाही. त्याची बेलिंडा आपल्या मर्जीने, मजेत वागते. आपल्याकडच्या किती नायिकांना हे शिक्षेवाचून जमलं? पण बाईचं शरीर न विचारताच लिहिलं गेलं, आणि ते वाचताना समोर ‘थांब’ म्हणणारी एक बाई होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

एका वस्तीतल्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मग एकीने हळूच विचारलं, “पण ताई, ते तोंड असतं कुठं?”

हसणं थांबलं. कुणी तीन बाळंतपणं काढलेली, कुणी तांबी बसवलेली, दोघींची पिशवी काढलेली. नेमकं कुणालाच सांगता येईना. मीही एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत समाजरचनेच्या आकृत्या पुष्कळ काढल्या. ही एक कधी काढली नव्हती.

त्या लेखकाचं अज्ञान हा विनोद होतो. आपलं अज्ञान महाग पडतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं उघड झालं, तेव्हा 2019 साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ एवढं ऐकून बाई टेबलावर झोपते. खराब म्हणजे काय, कुठे, तपासलं कसं, हे विचारायला आधी जागा माहीत हवी. योनीमार्गाच्या आतल्या टोकाला हे तोंड असतं. पाळीचं रक्त तिथूनच येतं, तांबीचा दोरा तिथूनच लोंबतो, आणि कॅन्सरची तपासणी तिथल्याच पेशी घेऊन करतात.

त्या बैठकीत पिशवी काढलेल्या एकीने मग डॉक्टरांची नक्कल करून दाखवली. मान वर न करता चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर! सगळ्या पुन्हा हसल्या. तीही हसली, आणि हसता हसता तिने स्वतःची सगळी हकिगत सांगितली. ऑपरेशनला चार वर्षं झाली होती, कुणी तिला विचारलंच नव्हतं.

आता चार-चार जणी बसा. हे मोठे कागद, हे खडू. आधी चित्र काढा, मग आपापली गोष्ट सांगा. सांगणारीला मध्येच थांबवायची परवानगी आहे.