सेवा : सक्तीची आणि स्वेच्छेची

महाविद्यालयात शिकणारा तरुण समाजाचा ऋणी असतो, हा विचार आपल्याकडे नवा नाही. त्याचे शिक्षण केवळ त्याने भरलेल्या फीवर चालत नाही. ज्यांनी महाविद्यालयाची पायरीदेखील पाहिलेली नाही, अशा असंख्य लोकांनी दिलेल्या करांचाही त्यात वाटा असतो. हे ऋण फेडले पाहिजे, याविषयी दुमत नाही. मतभेद आहे तो ते सक्तीने वसूल करावे की स्वेच्छेवर सोपवावे, याविषयी.

स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या विद्यापीठ आयोगाने स्वेच्छेचा पक्ष घेतला. पुढे 1959 साली डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या समितीने नेमकी उलट शिफारस केली. शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवेत घालवावे, असे या समितीचे मत होते. देशाचे अर्थमंत्रिपद भूषविलेल्या देशमुखांना खर्चाची कल्पना नव्हती, असे कोण म्हणेल? परंतु खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणी यांमुळेच ही योजना मागे पडली. त्यानंतर शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी अनेक देशांतील युवकसेवेचा अभ्यास केला आणि पुन्हा स्वेच्छेचाच मार्ग सुचविला. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. आरंभी स्वयंसेवकांची संख्या 40 हजार होती. आज ती लाखोंच्या घरात आहे.

योजनेची घडण साधी आहे. एका प्राध्यापकाच्या देखरेखीखाली साधारण शंभर विद्यार्थ्यांचे एक पथक असते. प्रत्येकाने वर्षाला 120 याप्रमाणे दोन वर्षांत 240 तास काम करावयाचे, आणि दत्तक घेतलेल्या गावी सात दिवसांच्या शिबिरात राहावयाचे. ‘मी नव्हे, तुम्ही’ अशा अर्थाचे तिचे ब्रीद आहे.

हे ब्रीद उच्चारायला सोपे असले, तरी त्यातला ‘तुम्ही’ हा शब्द सांभाळणे कठीण आहे. एक उदाहरण पुरे होईल. माती वा वाळू भरलेली पोती ओढ्यात रचून वनराई बंधारा बांधतात. खर्च थोडा, आणि शंभर हातांना साजेसे काम. मात्र तो पावसाळा सरल्यावर लगेच, ओढा वाहता असताना बांधावा लागतो. तेव्हाच रब्बीच्या पिकाला आणि गुराढोरांना पाणी राहते. पण ते दिवस सत्रपरीक्षेचे. म्हणून शिबिर बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरते आणि तोवर पुष्कळ ओढ्यांची धार आटलेली असते. बंधारा उभा राहतो, छायाचित्र निघते, तासांची नोंद होते. अडवायला पाणी मात्र नसते. रोपांचेही तेच. ती लावणारे हात पुष्कळ असतात, पण एप्रिल-मेच्या उन्हात त्यांना पाणी घालायचे तेव्हा महाविद्यालयाला सुटी असते. येथे आळस कोणाचाच नसतो. सेवेची तिथी गावाच्या गरजेने ठरण्याऐवजी महाविद्यालयाच्या सोयीने ठरली, एवढाच दोष.

याच्या उलट, 1995 साली देशभर सुरू झालेली पल्स पोलिओ मोहीम पाहावी. तेथे दिवस ठरलेला, काम नेमके. विद्यार्थी केंद्रावर बसले, घरोघर गेले आणि पुढच्या फेरीला पुन्हा गेले. शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आरोग्य कर्मचारी यांच्या जोडीने हे काम वर्षानुवर्षे चालले, आणि 2014 साली देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्या यशात विद्यार्थ्यांचा वाटा लहानसा खरा. पण तो निश्चितपणे उपयोगी पडला.

अनेक विद्यापीठांत आता या कामासाठी श्रेयांक मिळतात. कष्टांची कदर व्हावी, हे योग्यच. परंतु जी सक्ती देशाने पुढच्या दाराने आत येऊ दिली नाही, ती गुणांच्या आमिषाने मागल्या दाराने तर येत नाही ना, याचा विचार व्हावयास हवा. गाडगेबाबा गावात आले की हाती खराटा घेत, दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात लोकांची मने झाडीत. त्यांच्या कामाचे तास कोणी मोजले नाहीत. गाव स्वच्छ झाले की नाही, एवढे मात्र ते स्वतः पाहत.

तास मोजल्यावाचून शासनाचा कारभार चालत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण तासांच्या वहीत आणखी दोन रकाने घालता येतील : हे काम गावाने मागितले होते काय, आणि वर्षभराने ते टिकून आहे काय? दरवर्षी नवे गाव न घेता त्याच गावी चार-पाच वर्षे जावे. शिबिरापूर्वी दोन महिने चार विद्यार्थ्यांनी ग्रामसभेत बसून नुसते ऐकावे. शिबिराचा आठवडा शक्य तेथे शेतीच्या पंचांगाप्रमाणे ठरवावा. यातील कशालाही मोठा निधी लागत नाही.

सात दिवसांत गाव बदलत नाही. पण आपल्याला काय द्यायचे आहे यापेक्षा समोरच्याला काय हवे आहे, हे विचारण्याची सवय त्या वयात लागू शकते. पुढे अधिकारी, डॉक्टर वा अभियंता म्हणून तो तरुण लोकांसमोर बसेल, तेव्हा ही सवयच त्याच्या 240 तासांचा खरा हिशेब देईल.