टूनगॅबीहून निळ्या डोंगरांकडे

महाराष्ट्रात तिळगूळ वाटला जातो, तेव्हा सिडनीच्या पश्चिमेकडच्या टूनगॅबीत ऐन उन्हाळा असतो. समुद्राचा वारा इतक्या आत येईपर्यंत दमून जातो. त्याच पट्ट्यातल्या पेनरिथमध्ये 4 जानेवारी 2020 रोजी पारा 48.9 अंशांवर गेला होता. नागपूरकरांनीही तोंडात बोट घालावं असा आकडा!

अशा वेळी ब्लॅकटाउन स्थानकात गाडी बदलायची आणि ब्लू माउंटन्स गाठायचे. तिथलं कटूंबा गाव सुमारे हजार मीटर उंचीवर आहे. एवढ्या चढाला हवा साधारण सहा अंशांनी उतरते. निलगिरीच्या रानावर निळसर धुकं तरंगत असतं. 'थ्री सिस्टर्स'चे सुळके पाहून सह्याद्री न आठवणारा मराठी माणूस विरळाच. सह्याद्री मात्र लाव्ह्यातून घडला, हे सुळके वालुकाश्माचे.

अशा भटकंतीचा थंडाव्यापलीकडेही काही फायदा असतो का? इंग्लंडमधल्या सुमारे 20 हजार लोकांच्या पाहणीचा निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला निदान दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आरोग्य आणि समाधान चांगलं असल्याचं सांगणारे जास्त निघाले. निसर्गामुळेच तसं झालं, हे काही त्यातून सिद्ध होत नाही. मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनी 1820च्या दशकाअखेर थंड हवेसाठी महाबळेश्वर वसवलं, तेही अशा पाहणीशिवायच.

जुलैत जाणाऱ्यांनी स्वेटर घ्यावा. कटूंब्याला कधीकधी बर्फही भुरभुरतो.