धाडसाला शिस्तीची जोड
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आपल्या शिष्यवृत्ती समितीपुढे यंदा एक निराळा अर्ज आला. अर्जदार मुलाला डॉक्टर वा इंजिनिअर व्हावयाचे नाही. त्याला मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या वाटेवरील मोटारसायकलींच्या शर्यतीत, नाव काढावयाचे आहे. समितीतील एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "हाडे मोडून घेण्यासाठी का आपण पैसे द्यावयाचे?" प्रश्न रास्त होता. उत्तर शोधताना मला बंगळूरचे सी. एस. संतोष आठवले.

मोटोक्रॉसची वाट आखीव असते. पण तिच्यावर उंचवटे, खड्डे, तीव्र वळणे असतात. स्वार बराच वेळ गाडीवर उभाच असतो आणि उडीचा धक्का गुडघ्या-कोपरांनी झेलतो. नुसत्या धिटाईचे हे काम नव्हे. त्यासाठी दररोजची मेहनत लागते. संतोष याच मातीत तयार झाले, राष्ट्रीय विजेते ठरले. तेवढ्यावर ते थांबले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. पण ते वाळवंटातील रॅलीकडे वळले आणि पुन्हा विद्यार्थी झाले. मोटोक्रॉसमध्ये तीच वाट फिरून फिरून येते. रॅलीत मुलूख अनोळखी, आणि गाडी चालविता चालविता मार्गपत्रिका वाचून दिशा शोधावी लागते.

जानेवारी २०१५ मध्ये अर्जेंटिना, चिली व बोलिव्हिया या देशांतून गेलेली डकार रॅली त्यांनी छत्तिसाव्या क्रमांकाने पुरी केली. ती पुरी करणारे ते पहिले भारतीय. पुढे हीरो कंपनीच्या रॅली-चमूत त्यांना स्थान मिळाले आणि २०१८ साली ते चौतिसावे आले.

येथेच थांबलो तर मी आपली फसवणूक केली असे होईल. जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियातील डकारमध्ये संतोष यांना भीषण अपघात झाला. हेलिकॉप्टरने त्यांना रियाधच्या रुग्णालयात नेले. डॉक्टरांना त्यांना औषधांनी बेशुद्ध ठेवावे लागले. त्यातून ते वाचले आणि मायदेशी परतले. शिरस्त्राण, पाठीशी असलेला चमू आणि तत्पर वैद्यकीय मदत यांची किंमत अशा वेळी कळते.

म्हणून माझी विनंती अशी, की हा अर्ज फेटाळू नये. आणि डोळे मिटून मंजूरही करू नये. पैसा गाडीच्या वेगासाठी न देता जाणत्या शिक्षकासाठी, चांगल्या शिरस्त्राणासाठी आणि विम्यासाठी द्यावा. शिक्षण सोडावयाचे नाही आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावावयाची नाही, या दोन अटी लेखी घ्याव्यात. आईवडिलांची संमती तर हवीच.

आपण नाही म्हटले म्हणून मुलाची ओढ संपणार नाही. मग तो एखाद्या रात्री हमरस्त्यावर, शिरस्त्राणाविना, ती भागवील. त्या वेळी आपला न्यास त्याच्या काय उपयोगी पडणार? पन्नास वर्षे आपण होतकरू मुलांच्या पाठीवर हात ठेवीत आलो. तो हात याच्याही पाठीवर असावा, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.