आकडे, सत्ता आणि जनता
डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या कारकिर्दीचा बोध
(बंगळूर येथील अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



बंगळूर शहराच्या पश्चिमेस, नागरभावी येथे, सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था उभी आहे. १९७२ साली ती स्थापन करणारे डॉ. विजयेंद्र कस्तुरी रंग वरदराज राव (१९०८-१९९१) हे केवळ प्राध्यापक नव्हते. लोकसभेचे सदस्य आणि केंद्रीय मंत्री म्हणूनही त्यांनी काम केले. विद्वत्तेने दारिद्र्य मोजता येते. परंतु ते नष्ट करण्याची शक्ती कोठून येते? डॉ. रावांच्या कारकिर्दीच्या आधारे याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन डॉ. राव केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा पद्धतशीर अंदाज तयार केला. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये असल्याचे दाखवून साम्राज्यशाहीच्या लुटीवर बोट ठेवले होते. डॉ. रावांनी तेच काम आधुनिक संख्याशास्त्राच्या साहाय्याने पुढे नेले. त्यांच्या हिशेबाने दरडोई उत्पन्न १९२५-२९ मध्ये ७६ रुपये, तर १९३१-३२ मध्ये ६२ रुपये होते. या घसरणीत जागतिक मंदीमुळे कोसळलेल्या भावांचा मोठा वाटा होता. पण धान्याचे भाव कोसळले म्हणून सारा आणि सावकाराचे व्याज कमी झाले नाही. तेच रोख देणे भागविण्यासाठी शेतकऱ्याला अधिक धान्य विकावे लागले. या आकड्यांमागचे जिणे ते हे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यासमवेत दोन सदस्य होते: डॉ. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. त्याच वर्षी डॉ. रावांनी दिल्ली अर्थशास्त्र विद्यालयाची स्थापना केली.

१९५२ साली त्यांनी मांडलेला एक सिद्धांत आजही अभ्यासण्याजोगा आहे. सरकारने पैसा ओतला की मागणी वाढते, मागणीमुळे उत्पादन व रोजगार वाढतो, हे केन्सचे सूत्र भांडवलशाही पाश्चात्त्य देशांतील बंद कारखाने आणि बेकार कामगार पाहून बांधलेले होते. डॉ. रावांनी दाखविले की, जेथे बहुसंख्य लोक शेतीवर आणि घरगुती धंद्यांवर राबतात, तेथे उत्पादन इतक्या सहजी वाढत नाही. मागणी वाढते, पण धान्य वाढत नाही. परिणामी महागाई भडकते आणि तिचा भार मजुरीवर जगणाऱ्यांवर पडतो.

निदान अचूक होते. परंतु धान्य का वाढत नाही? १९६० साली भारतात आलेले पोलंडचे समाजवादी अर्थशास्त्रज्ञ मिखाल कालेत्स्की यांनी अशा देशांतील या अडचणीचे मूळ भूसंबंधांत दाखविले. जमीनदार, व्यापारी आणि सावकार यांच्या विळख्यात सापडलेला कुळ-शेतकरी उत्पादन वाढविणार तरी कशाच्या बळावर? येथे अर्थशास्त्राचा प्रश्न राजकारणाचा प्रश्न बनतो.

डॉ. राव राजकारणात उतरले ते १९६७ साली. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील बळ्ळारी मतदारसंघातून काँग्रेसतर्फे ते लोकसभेवर निवडून आले आणि १९७१ साली पुन्हा विजयी झाले. प्रथम वाहतूक व जहाजवाहतूक आणि नंतर शिक्षण ही खाती त्यांनी सांभाळली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. विद्यार्थ्याने खेड्यात जाऊन श्रम करावेत, हा तिचा हेतू स्तुत्य होता. पण ज्या खेड्यात जमीन मूठभरांच्या हाती आहे, तेथील सत्तेचा तोल सेवेने बदलत नाही. कर्नाटकात कुळांना जमिनीवर हक्क मिळण्याची वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली ती १९७४ च्या जमीन सुधारणा दुरुस्तीने.

मंत्रिपद गेल्यावर डॉ. राव बंगळूरला आले आणि त्यांनी उपरोक्त संस्था उभारली. दिल्लीत बसून देशाची सरासरी काढणारा विद्वान उतारवयात राज्याच्या व गावाच्या पातळीवरील परिवर्तनाच्या अभ्यासाकडे वळला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कारण सरासरी पुष्कळ काही झाकते.

याचा पुरावा त्यांच्याच मतदारसंघाने पुढे दिला. बळ्ळारीच्या भूमीत उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात ते बेसुमार उपसले गेले, खाणमालक गबर झाले. अखेर जुलै २०११ मध्ये लोकायुक्तांच्या अहवालाने बेकायदा खाणकामाचे जाळे उघडे पाडले आणि सर्वोच्च न्यायालयाने तेथील खाणकाम थांबविले. पुढच्याच वर्षी, २०१२ साली, संसदेने घटनेत ३७१-जे हे कलम घातले आणि मागासलेपणामुळे खास तरतूद लाभणाऱ्या जिल्ह्यांत बळ्ळारीचाही समावेश झाला. खनिजाने श्रीमंत असा जिल्हा मागास ठरला! विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष ठाऊक असलेल्या मराठी कार्यकर्त्याला हा विरोधाभास नवा वाटणार नाही. त्याआधी २००२ साली डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने कर्नाटकातील १७५ तालुक्यांपैकी ११४ मागास ठरविले होते. तेही अर्थशास्त्रज्ञच. आकडे पुन्हा एकवार हाती आले. निधीची मागणी मात्र अजून करावीच लागते.

डॉ. रावांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु राज्ययंत्रावर ज्या वर्गांची पकड असते, ते वर्ग विद्वानाला मंत्रिपद देतात, त्याचे अहवाल छापतात आणि त्याच्या शिफारशींपैकी सोयीच्या तेवढ्या उचलतात. उरलेल्या शिफारशी अमलात आणण्यासाठी शेतमजूर, कुळे आणि खाणकामगार यांची संघटित ताकदच लागते.

म्हणून आकड्यांकडे पाठ फिरविणे चुकीचे ठरेल. तालुक्याचे उत्पन्न किती, त्यातून मजुरी किती, खंड किती, नफा किती आणि तो जातो कोठे, हा हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याला मांडता आला पाहिजे. डॉ. रावांनी मोजण्याची शिस्त घालून दिली. मोजलेले श्रमिकांच्या हाती देऊन त्याचे मागणीपत्र बनविणे, हे चळवळीचे काम आहे.